वीतभर पाणी

६ जानेवारी

प्रिय मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पोचले. खोली मिळाली, चावी मिळाली, चावी हरवली, पुन्हा सापडली. आईला यातलं फक्त पहिलं कळव.

नदी आयोगाची इमारत म्हणजे एक जुनं गोदाम आहे. भिंतीला अजून दोरखंडांचा वास येतो. सभागृहाला तीन दारं आहेत. मुळात एकच होतं. पण दोन वर्षांपूर्वी पहिल्या बैठकीला आपला देश, नदीपलीकडचा देश आणि खालचा देश, अशी तिन्ही शिष्टमंडळं त्या दाराशी एकदम येऊन ठेपली, आणि आधी आत कोणी जायचं यात पाऊण तास गेला. शेवटी बैठक व्हरांड्यात उभ्याउभ्याच झाली आणि पहिला ठराव एकमताने मंजूर झाला, की भिंत फोडून आणखी दोन दारं करावीत. आता घंटा झाली की तिघंही एकाच क्षणी आत येतात. मला दर वेळी हसू येतं आणि दर वेळी ते गिळावं लागतं.

माझं काम इतिवृत्त लिहिण्याचं. कोण काय बोललं ते लिहायचं, कोण काय पुटपुटलं ते लिहायचं नाही. अध्यक्षपद सध्या खालच्या देशाकडे आहे. अध्यक्षबाई बारीक चणीच्या आहेत, चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलावर शोधतात.

आता खरी बातमी. पुराची सूचना तिन्ही देशांनी मिळून द्यायची, असा करार व्हायचा आहे. वरचं पाणी खालच्या देशात दीड दिवसाने पोचतं. त्यांना आपल्याकडून पाण्याच्या पातळीचा रोज एक आकडा हवा, म्हणजे त्यांची माणसं वेळेत सामान हलवतील. पण त्यांना आकडे मिळतात दोन! एका काठावरून आपला, समोरून पलीकडच्यांचा. पाणी तेच, तरी आपला आकडा एक वीत जास्त. दोन्ही सरकारं म्हणतात, समोरचे खोटं लिहितात. आणि मावशी, हे घोडं अडलंय ते तू रोज पाणी मोजतेस त्या तुझ्याच घाटावर!

मी तुझी भाची आहे हे अध्यक्षबाईंना आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता लिहायला लागा."

तुझी,
खारूताई

१५ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला फक्त पहिलं कळवलं. पण ती माझी सख्खी बहीण आहे, चावीचं तिनेच ओळखलं.

माझ्या घाटावर घोडं अडलंय म्हणतेस. घोडं अडलं नाही, आडवं घातलंय, आणि ते कोणी घातलंय हे मी रोज सकाळी आठ वाजता सरकारी दुर्बिणीतून बघते. समोरच्या काठावरचा तो टोपीवाला. गवताची टोपी घालून येतो, पायरीवर वाकतो, पाणी मोजायची पट्टी वाचतो आणि फळ्यावर लाकडी आकडे टांगतो. माझ्या आकड्याहून एक वीत कमी. उन्हाळा असो, पूर असो, रोज कमी. असा शिस्तीत खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझ्याकडे तुझ्या आजोबांच्या, अप्पांच्या, एकवीस वह्या आहेत आणि माझ्या स्वतःच्या एकोणतीस. अप्पांना ताप असताना मी वाचलं, मला ताप असताना मीच वाचलं. एकही दिवस कोरा नाही. एका पुरानंतर दोन महिने पट्टीच नव्हती, तेवढे सोडून. या वह्यांना कोणी खोटं म्हटलं तर त्याने आधी माझ्यासमोर येऊन म्हणावं.

आणि हा आयोग हवाच कशाला गं? ज्याला खरं बोलायचंय तो तसाही बोलतो. ज्याला खोटं बोलायचंय त्याला तीन दारं काय अन् तेरा काय! तुम्ही गोदामात बसून चर्चेचं गुऱ्हाळ घालता आणि इथे आमच्या गुडघ्यांना पायऱ्या उतराव्या लागतात. एकूण पायऱ्या चौऱ्याऐंशी आहेत, इतिवृत्तात लिही.

थंडी असेल तर कान झाकून फिर.

तुझी मावशी

२ फेब्रुवारी

प्रिय मावशीस,
सा. न.

कान झाकते. चौऱ्याऐंशी पायऱ्या अध्यक्षबाईंना सांगितल्या, त्यांनी नीट ऐकून घेतल्या.

आयोग कशाला, हे तू विचारलंस तेव्हा मी आधी चिडले. मग लक्षात आलं, मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून पंधरा दिवस नुसतं बघत बसले. आयोगाच्या हातात ना शिपाई ना काठी. कोणावर काही लादता येत नाही. नियम एकच कडक आहे, ठरल्या तारखेला यायचं. रुसायचं असेल तर इथे येऊन रुसायचं. मागच्या आठवड्यात पलीकडचे प्रमुख अभियंता तीन तास घुम्म बसून होते, पण आले होते. चौथ्या तासाला त्यांना शेजारच्याचं पेन मागावं लागलं आणि गाडी सुरू झाली.

ही मंडळी प्रेमाने येत नाहीत, मावशी. आपल्या बोटींना समुद्रापर्यंत जायला खालच्या देशातला गाळ काढलेला हवा. पलीकडच्यांना आपल्या बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडणार ते कळायला हवं. खालच्यांना पुराचा आकडा हवा. प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्याच्या हातात अडकलेलं आहे, म्हणून येतात. आणि येऊन येऊन एकमेकांच्या मुलांच्या परीक्षा कधी आहेत ते पाठ होतं.

आता एक विचारायचंय. हे पत्र भाचीचं आहे, आयोगाचं नाही. आयोगाचं वेगळं येईल, शिक्क्यासकट.

या वर्षी पहिल्यांदाच दोन्ही देशांनी आपापल्या नोंदी इथे पाठवल्या. मी त्या एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. इतक्या वर्षांत हे कोणीच केलं नव्हतं! अप्पांच्या काळापासून सव्वीस वर्षांपूर्वीच्या पुरापर्यंत दोन्ही काठांचे आकडे तंतोतंत जुळतात. मग दोन महिने कोरे. नंतर दोन्हीकडे नव्या पट्ट्या बसल्या. ११ नोव्हेंबरला तुझा आकडा चार मीटर बारा, त्यांचा चार एकतीस. म्हणजे तेव्हा त्यांचा जास्त होता. दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, तुझा चार एकतीस आणि त्यांचा चार बारा! त्यानंतर आजपर्यंत तुझा एकोणीस सेंटिमीटर जास्त, म्हणजे तीच वीत.

मावशी, त्या अकरा आणि बाराच्या मध्ये काय झालं?

तुझी,
खारूताई

९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम. दुर्बिणीची डावी काच धूसर झाली आहे, खात्याला कळवलंय. नावाड्याच्या मांजरीला चार पिल्लं झाली, त्यातलं एक माझ्या वह्यांच्या कपाटात झोपतं. तुझ्या आईने नवे पडदे शिवलेत, रंग मला आवडला नाही, पण मी छान म्हटलं, तूही छान म्हण.

तुझ्या प्रश्नाबाबत, इतक्या वर्षांपूर्वीचं आठवत नाही.

मावशी

२० फेब्रुवारी

प्रिय मावशीस,

तुला आठवत नाही? मी पाच वर्षांची असताना तुझी निळी पेन्सिल नेली होती, ती तारीख तुला आठवते. मी आल्यावर तू दर वेळी ती सांगतेस.

समोरच्या पट्टीवाचकांनाही त्यांच्या सरकारने विचारलं. त्यांनाही आठवत नाही, अगदी याच शब्दांत. इथे आता सगळ्यांना वाटायला लागलंय की दोघंही काही लपवताहेत. शेवटची बैठक १२ मार्चला आहे. तोवर उलगडा झाला नाही तर दोन्ही काठांच्या नोंदी बाद करायच्या आणि करार बासनात बांधून ठेवायचा, असं ठरतंय. खालचा देश म्हणतो, आम्हाला नको असले आकडे.

त्यांचं चुकतं असंही नाही. मागच्या पुरात त्यांच्याकडे दोन आकडे गेले. एक म्हणाला शाळा बुडेल, दुसरा म्हणाला बुडणार नाही. लोकांनी सोयीचा तो खरा धरला. माणसं वाचली, पण शाळेची बाकं, फळे, कपाटं सगळं वाहून गेलं. अध्यक्षबाईंची बहीण त्या शाळेत शिकवते.

मला तुझ्या वह्या बाद झालेल्या बघवणार नाहीत. त्यातच मी आकडे वाचायला शिकले. पण काय झालं होतं ते मला कळल्याशिवाय मी तोंड कुठे उघडू? रागाव, पण लिही.

खारूताई

२८ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले. पिल्लाने एक कागद फाडला, तेवढंच मला निमित्त झालं. आता लिहिते.

पुराच्या आधी तो माझ्यासाठी नुसता टोपीवाला नव्हता. आम्ही कधी बोललो नव्हतो, दोन काठांमधला पूल तेव्हाही बंदच होता. पण रोज आठला आकडे टांगून झाले की तो टोपी उचलायचा आणि मी छत्री उघडून उंच धरायचे. ऊन असो नसो, मी छत्री न्यायचे ती त्यासाठीच. मग तो मोठा पूर आला. दोन्हीकडच्या पट्ट्या गेल्या, फळे गेले. नऊ दिवस आम्ही दोघांनी आपापल्या काठावरच्या झाडांना फडकी बांधून मधल्या बोटींना खुणा केल्या. तो लाल बांधायचा तेव्हा मी लाल, मी पांढरं बांधलं की तो पांढरं. ठरवलं काहीच नव्हतं.

पुढे दोन्ही खात्यांनी घाईघाईने नव्या पट्ट्या ठोकल्या. ११ नोव्हेंबरला मी चार बारा टांगले आणि दुर्बिणीतून बघते तर समोर चार एकतीस. मला वाटलं, आपल्याच लोकांनी पट्टी चुकीची बसवली असणार, त्यांनी नीट बसवली असेल. खात्याला कळवावं तर उत्तर यायला तीन महिने. तोवर बोटींनी कोणाचं ऐकायचं? म्हणून त्याच दुपारी पाना घेतला, चारही बोल्ट सैल केले आणि पट्टी बरोबर एक वीत खाली घेतली. पट्टी खाली गेली की आकडा वाढतो, माझा आकडा त्याच्याइतका झाला. लेखी हुकमाशिवाय पट्टीला हात लावणं हा गुन्हा आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला इतका आनंद झाला होता की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन पळतच खाली गेले. पाणी तसूभरही हललं नव्हतं. मी चार एकतीस टांगले. त्याने टांगले चार बारा.

मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. मी आपणहून त्याच्याकडे गेले आणि हा मुद्दाम सरकून बसला. त्याने टोपी उचलली नाही. मी छत्री उघडली नाही. सव्वीस वर्षं झाली.

आता हसू नकोस. तुझं ते अकरा आणि बारा तारखेचं पत्र वाचून मी दिवसभर सुन्न होते. चार बाराचे चार एकतीस मी केले. पण मग चार एकतीसचे चार बारा कोणी केले आणि कशासाठी केले, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत स्वतःला एकदाही विचारला नव्हता. त्यानेही त्या दुपारी पानाच घेतला असेल का गं? माझ्यासाठी?

हे पत्र बैठकीत वाच. मला काढायचं तर काढू देत. वह्या बाद करायच्या असतील तर माझ्या करा, अप्पांच्या करू नका, त्यांनी पट्टीला कधी हात लावला नाही.

तुझी मावशी

१४ मार्च

प्रिय, प्रिय, प्रिय मावशीस,

उभी असशील तर आधी बस.

परवा मी तुझं पत्र वाचायला उठले तेव्हा अध्यक्षबाईंनी माझ्यासमोरचा पाण्याचा पेला बाजूला करून कागदाला जागा केली. मी वाचत होते आणि आपले अभियंता एकटक छताकडे बघत होते. "त्यानेही त्या दुपारी पानाच घेतला असेल का" इथवर आले आणि पलीकडच्या देशाचे प्रमुख, तेच घुम्म बसणारे, खुर्चीवरून उठले. मला वाटलं संपलं, आता हे निघून जाणार. ते गेलेही, पण स्वतःचं दार सोडून चुकून आपल्या देशाच्या दाराने! बाहेर जाऊन त्यांनी त्यांच्या घाटावर फोन लावला. आम्ही सगळे आतून ऐकत होतो. बराच वेळ ते नुसतं "हं" म्हणत होते. मग म्हणाले, "अहो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" मग पुन्हा "हं". आणि आत येऊन म्हणाले, "त्यांनी वर घेतली होती. एक वीत. त्याच दुपारी."

मावशी, आधी अध्यक्षबाईंना हसू फुटलं. मग आपले अभियंता. मग सगळेच, टेबलावर हात आपटून. मीही हसले आणि रडले, दोन्ही एकदम. दोन सरकारं सव्वीस वर्षं एकमेकांना खोटारडी म्हणत होती, आणि मुळात झालं काय होतं, तर दोघांनी एकाच दुपारी एकमेकांचं ऐकलं होतं!

हशा इतिवृत्तात लिहायचा की नाही यावर वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी "सर्व शिष्टमंडळे एकत्र हसली" असं लिहायचं ठरलं. एका शिष्टमंडळाने "मनमोकळेपणाने" हा शब्द घालायला सुचवलं, बाकीच्या दोघांनी पाठिंबा दिला.

वह्यांचं ऐक. बाद करण्याचा विषय निघाला तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा शोधला, तो कपाळावर होता, आणि म्हणाल्या, "नऊ हजारांहून जास्त दिवस दोन्ही वह्यांत फरक एकच आहे, एकोणीस. दोघांपैकी एकाने एक दिवस जरी घरी बसून आकडा लिहिला असता तर हा फरक हलला असता. या दोन वह्या एकमेकींच्या साक्षीदार आहेत. इतक्या खऱ्या नोंदी माझ्या देशाकडे नाहीत." मग मोजणीदारांनी पुराआधीच्या पायऱ्यांवरून जुनं शून्य, म्हणजे जुनी पट्टी जिथून सुरू व्हायची ती जागा, काढलं. ते बरोबर तुमच्या दोघांच्या मध्ये आहे. तुझ्या आकड्यांतून अर्धी वीत वजा, त्यांच्यात अर्धी वीत मिळवायची, झाल्या वह्या खऱ्या! एकही बाद नाही. आणि तुला काढणार कोण? खात्याने ताकीद दिली आहे, ती एका ओळीची आहे आणि खाली अभियंत्यांनी हाताने "अभिनंदन" लिहिलंय.

करार झाला. पहिलं कलम मी लिहून काढलं, ते तुझ्यासाठी इथे उतरवते. "कोणताही पक्ष आपली पट्टी दुसऱ्याशी बोलल्याशिवाय हलवणार नाही, चांगल्या हेतूनेही नाही." तू विचारलं होतंस ना, आयोग हवाच कशाला? नमतं घ्यायची तयारी तुमची दोघांचीही होती, मावशी. फक्त आपण पाना घेतलाय हे सांगायला कुठे जागा नव्हती.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. पलीकडच्या प्रमुखांनी स्वतः आणून दिली. मी उघडलेली नाही, पण ती घडी न घातलेली होती, तेव्हा वाचली.

"छत्रीवाल्या बाईंना नमस्कार. तुम्हाला माझं नाव माहीत नाही, मलाही तुमचं नाही, म्हणून घरात आम्ही तुम्हाला असंच म्हणतो. त्या सकाळी तुमचा चार बारा बघून मला वाटलं, तुमचंच बरोबर असणार, तुम्ही कधी चुकत नाही. म्हणून मी पट्टी वर घेतली. दुसऱ्या दिवशी तुमचा आकडा बघून वाटलं, बाई रागावल्या. कशावरून ते कळेना. बायको म्हणाली, विचारा. पण विचारणार कसं? टोपी तीच आहे, दोनदा शिवून घेतली."

तुझी,
खारूताई

३ मे

चि. खारूताईस,
अनेक अनेक आशीर्वाद.

ती चिठ्ठी वाचून मी काय केलं हे तुला सांगणार नाही. पिल्लाला माहीत आहे.

परवा पट्ट्या हलवल्या. नदीच्या मधोमध बोट, बोटीत मोजणीदार आणि तुझ्या अध्यक्षबाई, गळ्यात शिट्टी. मी माझ्या पायरीवर पाना घेऊन, ते त्यांच्या. पहिल्या शिट्टीला बोल्ट सैल, दुसऱ्या शिट्टीला मी अर्धी वीत वर आणि ते अर्धी वीत खाली, तिसऱ्या शिट्टीला घट्ट. मोजणीदारांनी दोन्हीकडे दुर्बीण लावून पाहिलं आणि हात वर केला. काठावरच्या बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, इथे दोन देश लागले.

मग बोट त्यांना घेऊन इकडे आली. चौऱ्याऐंशी पायऱ्या ते चढले, मी मोजत होते. दुर्बिणीत उंच दिसायचे, तसे बेताचेच आहेत. आणि त्यांनाही गुडघ्यांचा त्रास आहे! चहाला बसलो. आधी त्यांनी माझ्या टेबलावरच्या मोजपट्टीला आपला हात लावून वीत मोजली. त्यांचा पंजा मोठा. त्यांच्या वितीने मोजलं तर आमचं भांडण बोटभर लहानच निघालं. मग जे बोलायला लागलो ते परतीच्या बोटीची शिट्टी वाजेपर्यंत. त्यांच्या मुलीने माझं चित्र काढलं होतं लहानपणी, त्यात नुसती छत्री आणि खाली दोन पाय. ते त्यांनी आठवणीने आणलं, माझ्या कपाटाला लावलंय.

आता कालची गंमत. करारातला फोन दोन्ही चौक्यांवर बसलाय, थेट एकमेकांना लागणारा. काल कराराचा पहिला दिवस. आठ वाजता मी पट्टी वाचली, आकडे हातात घेतले आणि मनात आलं, पहिला मान त्यांना द्यावा. थांबले. दुर्बिणीतून बघते तर त्यांचा फळा कोरा. सव्वाआठ झाले. कोरा. ते आकडे हातात घेऊन दुर्बिणीतून माझा कोरा फळा बघत उभे! मधे एक नावाडी ओरडला, "अहो, आज पाणी आहे की नाही?"

मी फोन उचलला. ते म्हणाले, "आधी तुम्ही." मी म्हटलं, "छे, आधी तुम्ही." ते म्हणाले, "नाही हो, बाई, तुम्हीच." मग मी म्हटलं, "हे पाहा, असंच करून मागे सव्वीस वर्षं गेली. कलम एक."

ते इतके हसले की फोनशिवायही ऐकू आलं असतं. मग आम्ही तीनपर्यंत मोजलं आणि आकडा एकदम सांगितला.

दोन मीटर एकाहत्तर. दोघांचाही.

आकडे टांगले. त्यांनी टोपी उचलली. मी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी चौऱ्याऐंशी पायऱ्या मी ती तशीच उघडी धरून चढले.

तुझी मावशी